बॉन्डचं एक वर्ष : कागद, कसारा लोकल आणि एका दमात मोजलेले आकडे

एमबीबीएस झालेल्या ज्युनियर्सचे मेसेज येतात, ताई बॉन्डचं नक्की काय असतं, किती कागद लागतात, पैसे भरून सुटता येतं का. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

पैशाचं आधी. महाराष्ट्रात सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर आमच्या बॅचला दंड १० लाख होता. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, रिटायर झाले, आम्ही भांडुपला चाळीतून वन रूम किचनमध्ये आलो त्याचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरी कधी पडलाच नाही. वर्गातल्या काहींनी भरायचा विचार केला, नीट पीजीचा अभ्यास करायला वर्ष मिळतं म्हणून. मलाही हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

इंटर्नशिप संपली १२ एप्रिल २०२३ ला. त्यानंतर पहिलं काम म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं पर्मनंट रजिस्ट्रेशन, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. कौन्सिल चिंचपोकळीला आहे, आर्थर रोड नाक्याजवळ साने गुरुजी मार्गावर. इंटर्नशिप कम्प्लिशन, पासिंग सर्टिफिकेट, प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, फोटो, सगळ्याचे तीन तीन सेट करून ठेवा, पुढे लागतातच. त्यानंतर बॉन्डच्या जागांची यादी निघते आणि ऑनलाइन प्रेफरन्स भरायचे असतात. मी वर्गातल्या सगळ्यांसारखंच केलं, ठाणे भरलं, रायगड भरलं, पालघर भरलं, म्हणजे मुंबईच्या जवळ. पालघर म्हणजे विरारच्या पुढे चार स्टेशनं अशी माझी समजूत. यादी लागली, आदिवासी भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी), तालुका मोखाडा. मॅप उघडला तर तो नाशिकला टेकलेला.

या मधल्या काळात एका ऑफिसात (कुठलं ते सोडा) माझ्या वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून अडलं. एका कागदावर एक यू, दुसऱ्यावर दोन ओ. त्यासाठी ॲफिडेव्हिट, त्यासाठी १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरी, आणि साहेब रजेवर असल्याने अकरा दिवस. टीप अशी की दहावीच्या मार्कशीटपासून आधारपर्यंत सगळी नावं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा, आजच बघा.

ऑर्डर हातात आल्यावर आधी जिल्ह्याला हजर व्हायचं, म्हणजे पालघरला जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग आपलं पीएचसी. मी १९ जून २०२३ ला, सोमवारी, रुजू झाले. रुजू अहवालात 'मध्यान्हपूर्व' की 'मध्यान्होत्तर' असं लिहावं लागतं. मला वाटलं ही नुसती सरकारी भाषा, पण नाही, मध्यान्होत्तर लिहिलं की कधी कधी तो दिवस हिशोबातून जातो आणि वर्षाच्या शेवटी तुम्ही एका दिवसासाठी भांडत बसता. सकाळी पोचा, सकाळचीच वेळ लिहा, त्यावर आवक नंबर आणि शिक्का घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

बाबा सोडायला आले होते. पालघरहून एसटीने मनोर, विक्रमगड, जव्हार करत मोखाड्याला. त्याच वर्षी मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट सुरू झालेलं, बाबांनी ते पंच झालेलं माझं अर्धं तिकीट बराच वेळ उलटंपालटं करून बघितलं, आणि मग कंडक्टरशी ड्युटी, नाइट हॉल्ट, डेपो यावर अशा गप्पा सुरू झाल्या की जव्हार कधी आलं कळलं नाही. पुढे घरी जायचा माझा रस्ता दुसरा होता, खोडाळ्यावरून काळी-पिवळी जीपने कसाऱ्याला आणि तिथून लोकल. स्वस्त आहे, पण जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि 'भरली' याची व्याख्या ड्रायव्हर करतो.

क्वार्टर गळकं होतं. मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर, तिथे संध्याकाळी अख्खा स्टाफ उभा राहून आपापल्या घरी बोलायचा. पहिला पगार तिसऱ्या महिन्यात आला (आदिवासी भागासाठी तेव्हा महिना ७५ हजार होता), तोपर्यंतचे पैसे घरून घेऊन जा, लाज वाटून घेऊ नका. गमबूट, दोन रेनकोट, हेडटॉर्च, पॉवर बँक. बाकी सगळं मिळतं.

पहिल्या आठवड्यात मी एकच शहाणपणाचं काम केलं आणि तेही माझं नव्हतं, सिस्टरचं होतं. एकोणीस वर्षं त्याच पीएचसीला असलेल्या सिस्टर. त्या म्हणाल्या, "मॅडम, रजिस्टरं नंतर बघा, आधी फ्रिज बघा." फ्रिजमध्ये लसी आणि शेजारच्या कपाटात सापाच्या विषावरचा उतारा, म्हणजे एएसव्ही. कुप्या मोजल्या, एक्स्पायरी बघितली. आपल्याकडची एएसव्ही चार सापांवर चालते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कुपीवर हाफकिनचं नाव होतं. परळला कॉलेजची साडेपाच वर्षं मी हाफकिनच्या गेटवरून रोज चालत गेलेय, १८९९ मध्ये तिथे प्लेगची लॅब सुरू झाली वगैरे पाठ, पण आत काय बनतं याचा कधी विचार केला नव्हता.

सिस्टरनी विचारलं, मॅडम तुम्ही कधी दिलीय का. मी म्हटलं, बघितलीय.

२ ऑगस्टच्या पहाटे पावणेचारला दार वाजलं. शिपाईमामा. "मॅडम, पोरगं आलंय, पोट दुखतंय म्हणतात." अकरा वर्षांचा मुलगा, आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आलेला, जमिनीवर आईच्या आणि आजीच्या मधे झोपलेला. रात्री पोटात दुखायला लागलं म्हणून उठला. अंगावर काही खूण नाही, सूज नाही, काही नाही. ओवा झाला, भगताकडे जाऊन झालं, पण त्याचा बाप म्हणाला हे पोटाचं नाही, पोराचा आवाज बदललाय, आणि त्याने त्याला पाठीवर घेतलं आणि ओढा ओलांडून चार किलोमीटर आणलं. मी ही गोष्ट जिथे तिथे सांगते कारण निदान बापाने केलं होतं, मी नाही.

मी त्याला म्हटलं, बाळा वर बघ. त्याने कपाळाला आठ्या घालून भुवया वर नेल्या पण पापण्या उचलेनात. मण्यार. झोपेत चावते, दात बारीक, दुखतही नाही, आणि विष मज्जातंतूंवर चढत जातं, आधी पापण्या, मग घसा, मग मान, मग छाती. त्यात एक साधी तपासणी असते, मशीन लागत नाही. पेशंटला सांगायचं, खोल श्वास घे आणि एका दमात जेवढे आकडे मोजता येतील तेवढे मोज. तो चौदापर्यंत गेला.

दहा कुप्या. पावडर असते, प्रत्येकीत पाणी घालून विरघळवायची आणि ती हलवायची नाही, हातावर फिरवायची, नाहीतर फेस येतो, आणि तिकडे माझे हात असे थरथरत होते की न हलवता फिरवणं हेच अवघड. सिस्टरनी तोवर आयव्ही लावली, ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं, कारण एएसव्ही घोड्याच्या रक्तातून बनते आणि रिॲक्शन येऊ शकते. लहान मुलाला डोस कमी करायचा नसतो हे लक्षात ठेवा, साप मूल बघून विष कमी सोडत नाही. सलाइनमधून तासाभरात द्यायची.

दहा मिनिटांनी परत मोज म्हटलं. नऊ.

१०८ ला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. मग आमचीच १०२ नंबरची ॲम्ब्युलन्स, जिच्यात मुख्यतः बाळंतिणी नेतात. ऑक्सिजन सिलिंडर, ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), सक्शन पायाने दाबायचं, मी, सिस्टर, बाप आणि आजी. आजीला नको म्हटलं तरी ती चढून बसली होती. नाशिक सिव्हिलला आधीच फोन करून व्हेंटिलेटर आहे का विचारून घेतलं, हे अजिबात विसरू नका, निघायच्या आधी फोन, नाहीतर दारातून दुसरीकडे पाठवणी होते.

सलाइन चालू ठेवून निघालो. गाडीत त्याने शेवटचं मोजलं ते सहा, आणि तोरंगण घाट लागायच्या आत आवाज बंद. एएसव्ही आणखी विष चढू देत नाही, पण मण्यारीचं जे एकदा तंतूंना धरून बसलंय ते तिने सुटत नाही, ते शरीर आपल्या वेळेनं सोडवतं, तोपर्यंत त्याच्यासाठी कोणीतरी श्वास घ्यायचा एवढीच खरी ट्रीटमेंट. तोंडात एअरवे, मास्क घट्ट, आणि बॅग. एक दोन तीन दाब. एक दोन तीन दाब. मिनिटाला वीस. घाटात धुकं एवढं की ड्रायव्हरभाऊ खिडकीतून मुंडकं बाहेर काढून चालवत होते. वीस मिनिटं मी दाबायचे आणि सिस्टर मास्क धरायच्या, मग उलटं. मास्क धरणं जास्त अवघड असतं, हात दुखून बधिर होतात.

मण्यारीच्या पेशंटबद्दल पुस्तकात एक ओळ होती ती मला तेव्हा आठवली, तो डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, मेल्यासारखा दिसतो पण त्याला ऐकू येऊ शकतं. मी ते मोठ्याने म्हटलं. त्यावर आजी जी बोलायला लागली ती नाशिक येईपर्यंत थांबली नाही. शेतात नागली कशी आलीय, शेळीला दोन करडं झालीत, कोंबडी कुठे अंडी घालते, बोहाड्याला तुला कुठला मुखवटा घेऊ देणार, मधेच त्याला रागवायची की उठ आता, मग परत करडांवर. बाप गप्प होता, त्याने मुलाचं पाऊल दोन्ही हातात धरलं होतं. मी एक दोन तीन दाब करत होते आणि त्र्यंबकच्या अलीकडे एक ट्रक साइड देईना तेव्हा मी त्या ट्रकवाल्याला एक अशी शिवी दिली जी मी भांडुप स्टेशनबाहेर ऐकली होती, आयुष्यात कधी वापरली नव्हती.

साधारण सव्वा तास आम्ही त्याच्यासाठी श्वास घेतला. म्हणजे हिशोबाने पंधराशेच्या आसपास. नाशिकला त्याला ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं तेव्हा माझी उजव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. सिस्टरनी कॅन्टीनमधून चहा आणला, मला कप धरता येईना, त्यांनी बशीत ओतून दिला. आम्ही पायरीवर बसलो होतो, समोर रिक्षावाले, एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन चाललेली, एक माणूस जांभई देत दात घासत होता आणि मी त्यांच्या छातीकडे बघत होते, वर खाली वर खाली, कोणीही दाबत नसताना. सिस्टर म्हणाल्या, मॅडम लोकांकडे असं टक लावून बघू नका.

मुलगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता.

या प्रसंगामुळे बाकीचं वर्ष असंच थरारक गेलं असं समजू नका. बाकीचं वर्ष म्हणजे ओपीडी, खरूज, सर्दी, रक्त कमी असलेल्या गरोदर बायका, महिन्याची मीटिंग, मीटिंगसाठी रिपोर्ट, रिपोर्टसाठी परत रिपोर्ट. अंगणवाडीत मुलांच्या दंडाला पट्टी लावायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल, तीव्र कुपोषित. शेजारच्या जव्हारमध्ये वावर-वांगणीला १९९२-९३ मध्ये मुलं कुपोषणाने गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, आणि पट्टी अजून लागते आणि अजून लाल येते. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जातात, मुलांना घेऊन, आणि आमच्या लसीकरणाच्या यादीतली अर्धी नावं गायब. आपल्या बिल्डिंगच्या विटा कोणी पाडल्यात हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

पहिलं पोस्टमॉर्टेमही तिथेच केलं, विहिरीत पडलेली बाई. त्याबद्दल लिहिणार नाही. फक्त एवढंच सांगते, पोलिसांचा पंचनामा आणि मागणीपत्र हातात आल्याशिवाय सुरू करू नका आणि त्या दिवशी एकटे झोपू नका, कोणालातरी फोन करा, टाकीजवळ जाऊन.

सप्टेंबरमध्ये तो मुलगा बापासोबत ओपीडीला आला. पंचवीस किलोमीटरवरच्या आश्रमशाळेत परत चालला होता, जाताना दाखवून जा असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तपासायला काही नव्हतं खरं तर. मी म्हटलं, मोज. त्याने छाती फुगवली आणि सुरू केलं, वीस, पंचवीस, ओपीडीतली लोकं बघायला लागली, तिशीला चेहरा लाल, एकतीसला सुटला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही ट्रकवाल्याला काय म्हणाल्या ते मी ऐकलं होतं." सिस्टर हसत हसत खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. मी विचारलं आणखी काय ऐकलंस. म्हणाला, आजी सारखी शेळीचं सांगत होती, आणि तुम्ही एक दोन तीन म्हणत होतात, मला वाटत होतं ह्यांना चार येत नाही का.

मार्चनंतर पाणी. आमच्या पीएचसीच्या हद्दीतल्या तीन पाड्यांवर एप्रिलपासून टँकर, बायका पहाटे झऱ्याच्या वाटीत वाटीने पाणी भरत बसतात, आणि त्यांच्या पाठदुखीला मी गोळ्या देते. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, २०१४ ला झालं, १०० मीटरहून उंच, आणि ते पाणी जातं मुंबईला, शुद्ध होतं ते आमच्या भांडुप कॉम्प्लेक्सला, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. ५ जून २०२४ पासून मुंबईत १० टक्के पाणीकपात लागली तेव्हा आईने फोनवर वैतागून सांगितलं की नळ लवकर जातो. मी काही बोलले नाही. बोलून आईवर ओरडण्यासारखं झालं असतं, आणि आईची काय चूक, तिला कोणी सांगितलंय.

आता परत कागद, कारण सुटणं हे लागण्यापेक्षा किचकट आहे. ३६५ दिवस पूर्ण व्हायला हवेत, कॅलेंडरचं वर्ष नाही. २०२४ लीप वर्ष असल्यामुळे माझे ३६५ दिवस १८ जूनऐवजी १७ जूनलाच भरत होते, हे मी बोटांवर तीनदा मोजून मोठ्या आनंदाने तालुक्याला सांगितलं, तर तिथल्या क्लार्कदादांनी शांतपणे रजेचं रजिस्टर उघडलं. ऑक्टोबरमध्ये मला ताप आला होता, सहा दिवस, आणि ती रजा बिनपगारी मांडलेली, म्हणजे सहा दिवस पुढे. वर्षाने एक दिवस दिला, तापाने सहा घेतले. २३ तारखेला रविवार, म्हणून २४ जूनला कार्यमुक्त. रजा घेताना ती कुठल्या खात्यात पडतेय ते तेव्हाच विचारा, वर्षभराने विचारून उपयोग नाही.

कार्यमुक्ती आदेश, ना देय प्रमाणपत्र, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला हे चार कागद घेतल्याशिवाय तालुका सोडू नका. ना देयसाठी मी औषधांचा साठा, फर्निचर, सगळ्याचा चार्ज नवीन डॉक्टरला दिला. नवीन मुलगा लातूरचा, तोही बॉन्डवाला, बॅग खांद्यावरून खाली पण ठेवली नव्हती त्याने. सिस्टर त्याला म्हणाल्या, "सर, रजिस्टरं नंतर बघा." मी फ्रिज उघडला, कपाट उघडलं आणि आम्ही दोघांनी कुप्या मोजल्या.

निघताना मुलाच्या बापाने नागलीचं पीठ दिलं, पाचेक किलो. नको म्हणता येत नाही. जीप कसाऱ्याला पोचली तेव्हा लोकल लागलेली होती, खिडकी मिळाली, पीठ मांडीवर. शहापूरकडची भाजीवाली मंडळी, कॉलेजची पोरं, कल्याणपर्यंत गाडी गच्च. समोरच्या सीटवर एक बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलं, तोंड उघडं, मी नेहमीच्या सवयीने मोजलं, मिनिटाला बत्तीस, त्या वयाला नॉर्मल. आई माझ्याकडे संशयाने बघायला लागली म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटचा टप्पा कॉलेज. वरचे चार कागद आणि रुजू अहवालाची प्रत दिली की बॉन्ड पूर्ण झाल्याचं पत्र आणि आपले ओरिजिनल्स परत मिळतात. मला ९ जुलैला बोलावलं. टेबलावर फाइल आली, काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, इथेच मोजून घ्या, नंतर चालणार नाही. दहावी, बारावी, लीव्हिंग, डोमिसाइल, एमबीबीएसच्या मार्कशीटा, सगळे. अकरा दिले होते, अकरा निघाले. हाफकिनच्या गेटसमोर बस स्टॉपवर उभं राहून बाबांना फोन केला की झालं, सुटले.

बाबा म्हणाले, झेरॉक्स काढलीस का?